गाण्याच्या वहीचा योग्य ताबा कोणाकडे?

मे महिना आला की कोकणातल्या बौद्धवाड्या गजबजून जातात. चाकरमानी मुंबईहून येतात, स्थानिक मंडळ आणि मुंबई मंडळ एकत्र बसते, वर्गणीचा हिशेब होतो, आणि एप्रिलमध्ये मुंबईच्या चाळीत साजरी झालेली भीमजयंती गावात पुन्हा एकदा साजरी होते. अशाच एका जयंतीला आम्ही महाड तालुक्यातील शिवथर खोऱ्यातल्या एका वाडीत गेलो होतो. संविधानावर बोलायचे आमंत्रण होते. त्रिशरण-पंचशील झाले, आमचे भाषण झाले, हार-तुरे झाले. पंगत बसायच्या आधी ऐंशी ओलांडलेले एक बाबा आमच्याजवळ आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड वही होती.

"वकीलसाहेब, जयभीम. ही वही तुमच्या कोर्टात चालंल का?"

वही उघडली. शाईच्या पेनाने लिहिलेली बुद्ध-भीमगीते. प्रत्येक गाण्याखाली तारीख, चाल कोणती त्याची नोंद, आणि कोणत्या गावच्या जयंतीत पहिल्यांदा म्हटले ते गाव. पहिली तारीख १९६४ सालची. बाबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली आणि ते गावी परतले. गिरणी गेली तरी गाणे गेले नाही. चाळीस वर्षे त्यांनी महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत गायनपार्टी चालवली.

मग कोर्टाची आठवण कशाला? बाबांनी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला होता. वय ५० च्या पुढे हवे, कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षे योगदान हवे आणि उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेत हवे, अशा अटी आहेत. २०२४ पासून हे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. बाबा या अटींत बसत होते. पण 'योगदानाचा पुरावा अपुरा' असा शेरा मारून अर्ज परत आला. कार्यक्रमांची जुनी हँडबिले, निमंत्रणपत्रिका, मंडळांची प्रशस्तिपत्रे असे जे काही होते ते त्यांच्या ढोलकीवाल्या सोबत्याकडे महाड शहरात एका पेटीत होते. जुलै २०२१ च्या महापुरात ती पेटी गेली. चाळीस वर्षांची कला एका रात्रीत 'पुराव्याअभावी' ठरली.

आम्ही बाबांना सांगितले, "बाबा, वही चालेल." ते केवळ मन राखण्यासाठी नव्हते. १८७२ च्या पुरावा कायद्यात असा नियम होता की तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील अक्षर ज्याचे म्हटले जाते त्याचेच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो नियम कायम आहे. जुना कागद स्वतःच बोलतो, त्याला साक्षीदार लागत नाही. अट एकच, तो योग्य ताब्यातून आला पाहिजे.

त्या रात्री महाडला परतताना हाच शब्द आमच्या डोक्यात घोळत राहिला. योग्य ताबा! आमच्या गाण्यांचा, आमच्या नाटकांचा, आमच्या वाद्यांचा योग्य ताबा आज कोणाकडे आहे? चळवळीकडे आहे काय?

खोरे एक, वारसे दोन

शिवथरचे नाव काढले की महाराष्ट्राला शिवथरघळ आठवते. रामदासांनी 'दासबोध' तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे मानले जाते. पण ही जागा नेमकी कोणती हे लोक विसरून गेले होते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. याच देवांनी रामदासी पंथाची हस्तलिखिते गोळा केली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती आजही जपलेली आहेत.

रामदासांच्या विचारांशी आमचा वाद आहे, आणि तो राहील. वर्णश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारा विचार आम्हाला मान्य होणे शक्य नाही. पण वाद विचाराशी आहे, वही सांभाळण्याच्या कष्टाशी नाही. एक माणूस गावोगाव फिरतो, मठामठांतून बाडे मिळवतो, त्यांच्या याद्या करतो आणि अडीचशे-तीनशे वर्षांनंतर एका घळीला तिचे नाव परत मिळवून देतो. या गोष्टीकडून आम्ही काय शिकलो?

१९३० म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघी तीन वर्षे. महाडच्या भूमीत मानवमुक्तीचा संगर पेटलेला होता, त्याच काळात त्याच तालुक्यात दुसरा एक समाज आपला वारसा शोधून, नोंदवून कुलूपबंद करत होता. आमच्या पूर्वजांना त्या वेळी नोंदी ठेवायला उसंत नव्हती. त्यांना पाणी मिळवायचे होते. पण आज? आज आमच्यात प्राध्यापक आहेत, वकील आहेत, संगणक अभियंते आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. त्याच शिवथर खोऱ्यातल्या वहीला मात्र आजही प्लॅस्टिकच्या पिशवीचाच आसरा आहे. याला मनुवाद्यांना दोष देऊन कसे चालेल?

बंदराचे गाव, कलेचे गाव

आजचे महाड मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव वाटते. खरे तर ते सावित्रीच्या खाडीचे जुने बंदर. बाणकोटच्या मुखातून गलबते आत येत आणि सह्याद्रीच्या घाटवाटांनी माल देशावर चढे. बंदराच्या गावात माल येतो तशी माणसे येतात, विचार येतात आणि कलाही येते.

महाडच्या वेशीवर गांधारपाल्याच्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ही बौद्ध लेणी. तिथल्या एका शिलालेखात कानभोअ विष्णुपालित या राजकुमाराच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि त्याबरोबर पाण्याच्या पोढी म्हणजे टाक्या. वाचकहो, जरा थांबून विचार करा. ज्या महाडात १९२७ मध्ये माणसाला तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्याच महाडच्या डोंगरात सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी पाण्याच्या टाक्या दान दिल्या गेल्या आणि ते दान दगडात कोरून ठेवले गेले. ती महाडची सर्वांत जुनी कला आहे आणि ती आपली आहे. कोरून ठेवली म्हणून ती आज आपल्याला सांगता येते. ज्या हातांनी नोंद ठेवली त्यांचे हे उपकार.

याच महाडच्या परिसरात रावढळ येथे गोपाळबाबा वलंगकर जन्मले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हातात घेतली आणि 'विटाळ विध्वंसक' लिहून शास्त्री-पंडितांना जाहीर प्रश्न विचारले. याच परिसराने रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखा संघटक दिला, ज्यांनी १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद घडवून आणण्यासाठी जिवाचे रान केले. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरून सत्याग्रहींसह पायी महाडला आले. त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. त्या वेदीभोवती फलक उभारलेले होते. ते फलक कोणाच्या हाताने रंगवले गेले, हे कोणत्या जयंतीच्या भाषणात आपण कधी ऐकले आहे काय? क्रांतीला वक्ता लागतो तसा रंगारीही लागतो, गाणाराही लागतो. आपण वक्त्यांची नावे पाठ केली आणि बाकीच्यांची विसरलो.

वेठीचे वाद्य आणि मुक्तीचे गाणे

कोकणातल्या कलेविषयी बोलताना शिमगा, पालखी, नमन, जाखडी, शक्ती-तुरा, खालूबाजा यांची नावे कौतुकाने घेतली जातात. पर्यटनाच्या जाहिरातीत त्यांची छायाचित्रे छापली जातात. पण या कौतुकामागची एक गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. आमच्या वाडवडिलांना गावच्या पालखीपुढे वाजवावे लागे, पण ज्या देवापुढे वाजवायचे त्याच्या देवळाची पायरी चढता येत नसे. वाजवणे ही त्यांची कला होती, पण वाजवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. ती वेठ होती.

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले होते. वतन म्हणजे समाजाच्या गळ्यातला फास आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि कोकणातल्या बौद्धांनी गावकीची कामे सोडली, तसे पालखीपुढचे वाजवणेही सोडले. त्यासाठी कित्येक वाड्यांनी बहिष्कार सोसला. ढोल खुंटीवर गेला, तो स्वाभिमानाने गेला. हा नकार हीच आपली एक महान सांस्कृतिक कृती होती, असे आम्ही मानतो.

पण नकारानंतर पोकळी राहिली नाही. ती जागा गाण्याने भरली. सत्यशोधक जलशांनी दाखवलेल्या वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणेशाच्या वंदनाऐवजी भीमवंदना आणली, गवळणीच्या जागी समाजप्रबोधनाचा संवाद आणला, आणि तमाशाच्या त्याच ढोलकीवर माणुसकीचा ताल धरला. मुंबईच्या चाळींत राहणाऱ्या आमच्या कोकणी गिरणी कामगारांनी ते जलसे पाहिले, वामनदादा कर्डकांची गाणी ऐकली, कव्वालीचे सामने रात्र रात्र जागून ऐकले आणि मे महिन्यात ते सारे गावी आणले. जाखडीच्या चालीत बुद्ध आला, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात मनुस्मृतीला जाब विचारला गेला. जयंतीच्या रात्री वाडीतली पोरे तोंडाला रंग लावून नाटक करू लागली. स्त्रियांची कामे पुरुषच करत, पडदा भाड्याने आणत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात अख्खे गाव बसे. माजघरात आमच्या माता-भगिनी जात्यावरच्या ओवीत भीमरायाला भाऊ म्हणत होत्या. ही आमची कला. तिला राजाश्रय नव्हता, वर्गणीचा आधार होता.

भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज विद्यापीठांतले संशोधक जलशाचा इतिहास सांगू शकतात. एका शाहिराने स्वतः लिहिले म्हणून नाशिकचा जलसा इतिहासात गेला. महाड-पोलादपूरच्या गायनपार्ट्यांचा कर्डक कोण होणार?

परंपरा सिद्ध करावी लागते

आम्ही वकील आहोत, म्हणून एका दाव्याची आठवण करून देतो. चवदार तळ्याचा तो दावा. नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या अनुयायांनी तिथे पाणी प्याल्यावर मात्र स्पृश्यांचे पित्त खवळले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तळे फक्त स्पृश्यांनी वापरायचे ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, परंपरा आहे!

हा दावा महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये हरला, ठाण्याच्या कोर्टात १९३३ मध्ये हरला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. का? कारण अनादी वहिवाट नुसती सांगून चालत नाही, ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. तो पुरावा त्यांच्याकडे नव्हता. 'परंपरा, परंपरा' असे ओरडणाऱ्यांची परंपरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात टिकली नाही.

आम्हा वकिलांना हा निकाल पाठ आहे. पण त्याचा दुसरा धडा आम्ही घेतला नाही. जी परंपरा सिद्ध करता येत नाही ती हरते, मग ती अन्यायाची असो की न्यायाची. उद्या कोणी म्हणाले की कोकणातल्या बौद्धांना स्वतःची कला नव्हती, जे होते ते मुंबईहून उसने आणलेले होते, तर आपण काय दाखवणार? बाबांच्या वहीतल्या तारखा, चालींची नावे आणि गावांची नावे हाच तो पुरावा आहे. मानधनाचा अर्ज परत येतो तेव्हा एका बाबांचे ५,००० रुपये जातात. वही जाते तेव्हा अख्ख्या खोऱ्याची साक्ष जाते.

नाममुद्रा कोणी खोडली?

पोलादपूर तालुक्यात उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांच्यावरचा जुना पोवाडा तुळशीदास शाहिराच्या नावासह टिकला. कारण शाहिराने गाण्यात आपले नाव गुंफण्याची रीत होती. आमच्या कवींनीही ती रीत पाळली. वामनदादांचे 'वामन' हे नाव त्यांच्या गीतांच्या शेवटी येते, तसे खेड्यातल्या कवीचेही येते. पण गाणे कॅसेटवर गेले, मग सीडीवर गेले, आता मोबाईलवर गेले, तेव्हा काय झाले? वेळ कमी पडते म्हणून शेवटचा अंतरा कापला गेला आणि त्याबरोबर कवीचे नावही गेले. गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, कंपनीचे नाव त्याहून मोठ्या अक्षरात, आणि लिहिणारा 'पारंपरिक'! जो माणूस काल जयंतीत शेजारी बसून जेवला तो आज 'पारंपरिक' झाला.

इथे कायदा काय सांगतो ते आमच्या कवींना ठाऊक असले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत लिहिताच कवीचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर तो हक्क पाच वर्षांपुरताच दिला असे कायदा मानतो. आणि हक्क विकला तरी आपल्या रचनेला आपले नाव लावून मागण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीला आणखी संरक्षण दिले. म्हणजे कायदा आमच्या शाहिराच्या पाठीशी उभा आहे. पण हे गीत याच शाहिराचे आहे हे दाखवायला पुन्हा काय लागते? पुरावा. तारीख घातलेली वही. गोष्ट फिरून तिथेच येते.

आमचाही दोष

परक्यांना दोष देणे सोपे. आम्ही आमच्याकडे पाहतो. २० मार्च आणि २५ डिसेंबरला लाखोंची पावले महाडकडे वळतात. चवदार तळ्याकाठी पुस्तकांचे स्टॉल लागतात, मूर्ती आणि तसबिरी लागतात, पंचशील ध्वज फडकतात. हा आपला सांस्कृतिक उत्सव आहे आणि तो पाहून ऊर भरून येतो. पण व्यासपीठावर कोण असते? नेते असतात. नेत्यांची भाषणे लांबतात. उरलेल्या वेळेत मुंबईचा वाद्यवृंद. गावोगावच्या जयंतीतही आता हेच होऊ लागले आहे. वर्गणीतला मोठा वाटा डीजेला जातो आणि वाडीतला ढोलकीवाला मंडपाच्या कडेला खुर्ची शोधत बसतो. गावकीची वेठ आम्ही झुगारली, पण आमच्या कलावंताला सन्मानाचे मानधन द्यायची सवय आम्ही लावून घेतली का? 'समाजाचे काम आहे' असे म्हणून त्याला रात्रभर फुकट गायला लावणे, ही आमची वेठ नव्हे काय? हा प्रश्न कडवट आहे. पण घरातला प्रश्न घरातच विचारायचा असतो.

खुंटीवर गेलेल्या ढोलाचाही विचार करावा लागेल. आमच्यातले काही तरुण विचारतात, जे वाद्य वेठीचे होते ते परत हातात का घ्यावे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की ढोल गुलाम नव्हता, वाजवणाऱ्याला गुलाम केले होते. ज्या दिवशी तो ढोल पालखीपुढे वाजायचा थांबला त्या दिवशी तो स्वतंत्र झाला. आता तो बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत, क्रांतिस्तंभाच्या अभिवादनात आपल्या मर्जीने वाजला तर त्यात कमीपणा नाही. पण ज्या वडीलधाऱ्यांना त्या आवाजाने जुना अपमान आठवतो त्यांच्या नकाराचाही मान राखला पाहिजे. निर्णय वाडीने घ्यावा. पूर्वी नव्हता तो हाच अधिकार आपण मिळवला आहे.

योग्य ताबा म्हणजे काय?

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडीच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहातून लोकांसमोर येत आहेत. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. जातीने आणि दारिद्र्याने जिचे नाव कधी कागदावर येऊ दिले नाही, तिचे नाव तिच्या ओवीसोबत कायमचे राहिले. काम असे करायचे असते.

मग महाड-पोलादपूरसाठी आपण काय करावे? आम्ही मोठ्या स्मारकाची मागणी करत नाही. महाडात बाबासाहेबांच्या नावाचे स्मारक आहे, तिथे सभागृह आहे. आपल्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेक आपल्याकडूनच आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक वाडीच्या मंडळाने आपल्या वाडीतले कवी, गायक, ढोलकीवाले, सनईवाले, नाटकात कामे केलेले आणि ओव्या गाणाऱ्या आया-बहिणी यांची यादी करावी. हयात असलेल्यांची आधी. दुसरी गोष्ट, वह्यांची पाने मोबाईलवर टिपावीत, पण मूळ वही मालकाच्या घरातून उचलून नेऊ नये. प्रत आपली, वही त्यांची. अभ्यासाच्या नावाखाली कागद नेऊन परत न करणारे आमच्यातही कमी नाहीत. तिसरी गोष्ट, टिपलेल्या प्रती निदान तीन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांतले एक ठिकाण महाडबाहेरचे असावे, कारण सावित्रीचा पूर पुन्हा येणार आहे. चौथी गोष्ट, जयंतीच्या हँडबिलावर 'सुमधुर भीमगीतांचा कार्यक्रम' असे मोघम न छापता प्रत्येक कलावंताचे पूर्ण नाव आणि गाव छापावे व मंडळाच्या शिक्क्यानिशी त्याला एक पत्र द्यावे. उद्या मानधनाच्या अर्जाला तेच पत्र लागेल. पाचवी गोष्ट, वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा स्थानिक कलावंताच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढावा. आणि सहावी, सत्याग्रहाच्या दिवशी व्यासपीठाचा एक तास स्थानिक गायनपार्ट्यांना मिळावा. नेत्यांनी एक तास कमी बोलावे, चळवळीचे काही बिघडणार नाही.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दीची तारीख. शंभर वर्षांनिमित्त ग्रंथ निघतील, गौरवांक निघतील, फलक लागतील. त्यांत महाडच्या मातीतल्या गाण्याला पान मिळणार नसेल तर ती शताब्दी अपुरी राहील. पाणी मिळवण्यासाठी जे तळ्यावर गेले त्यांची मुले-नातवंडे पुढची शंभर वर्षे काय गात होती, हेही त्या सत्याग्रहाचेच फळ आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर त्या मे महिन्यानंतर आम्ही दोन कार्यकर्त्यांसह पुन्हा त्या वाडीत गेलो. पडवीत चटई टाकून बाबांच्या वहीची १८६ पाने एकेक करून टिपली. बाबा शेजारी बसून प्रत्येक गाण्याची चाल गुणगुणत होते आणि त्यांची नात ती ध्वनिमुद्रित करत होती. ज्या गावांची नावे वहीत होती त्यांतल्या चार मंडळांनी आपल्या जुन्या हिशेबवह्या उघडल्या. त्यांत गायनपार्टीला दिलेल्या पैशांच्या आणि नारळाच्या नोंदी निघाल्या. त्या नोंदींच्या प्रती आणि मंडळांची पत्रे जोडून अर्ज पुन्हा दाखल केला आहे. निकाल यायचा आहे.

निघताना बाबांनी वही पुन्हा पिशवीत गुंडाळली आणि नातीच्या हातात दिली. "आता हिच्याकडं ऱ्हाईल," म्हणाले. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ताबा योग्य आहे. आता त्या मुलीच्या पाठीशी उभे राहायचे काम तुमचे-आमचे आहे.

जयभीम!